माळवदाखालची दुपार

मे महिन्यात परभणीकडे येतो म्हणणाऱ्या पाहुण्याला आम्ही एकच सल्ला देतो : येऊ नका. आलातच तर सकाळी आठच्या आत पोचा आणि सहानंतर घराबाहेर पडा. मधल्या दहा तासांचं काय करायचं, हे तुमच्या डोक्यावर छप्पर कसलं आहे त्यावर ठरतं.

हे मला चारठाण्यात नीट कळलं. जिंतूर तालुक्यातलं हे गाव यादवकाळातल्या मंदिरांसाठी ओळखलं जातं. गोकुळेश्वराचं देऊळ, बारव, उंच कोरीव स्तंभ. इतिहासवाले मित्र कॅमेरे घेऊन जातात, फोटो काढतात, रील करतात आणि ऊन चढायच्या आत परत निघतात. मी मात्र गेलो होतो मित्राच्या घरी, दोन पेपरांमध्ये चार दिवसांची सुटी होती म्हणून, अभ्यास करायला.

मित्राच्या गल्लीत एका ओळीत तीन घरं. एकाच घराच्या वाटण्या होऊन झालेली. पहिलं आजीचं : मातीच्या भिंती, वर माळवद. मधलं काकांचं : विटांच्या भिंती, वर पत्रे आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड. तिसरं मित्राच्या वडिलांचं, अलीकडेच बांधलेलं, स्लॅबचं. आमची सोय अर्थातच तिसऱ्या घरात. पंखा नवा, फरशी पांढरी, मोबाइलला रेंज. दुपारी एकला पंखा गरम हवा अंगावर फेकायला लागला. दोनला लाइट गेली. अडीच वाजता आम्ही वह्या-पुस्तकं उचलली आणि आजीच्या घरात शिरलो.

दारातून वाकून आत जावं लागतं. आधी काहीच दिसत नाही, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. पण अंगाला लगेच कळतं. एसीतला बोचरा गारवा नाही हा; भरलेल्या रांजणाला टेकून बसल्यासारखा. आजी कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "आलात? झालं का त्या तव्यावर भाजून?"

स्लॅबला तवा म्हणणारी ही बाई शाळेत किती शिकली मला माहीत नाही, पण तिची उपमा भौतिकशास्त्राच्या पेपरात पूर्ण मार्क मिळवेल अशी आहे.

आपल्याकडचा उन्हाळा नेमका कुठून घरात शिरतो, ते बघा. चारठाणा साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. 'शून्य सावली दिवस' म्हणून शाळेत काठी उभी करून बघितला असेल, तोच. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सकाळी पूर्वेची भिंत तापते, संध्याकाळी पश्चिमेची, आणि मधला सगळा वेळ सूर्य फक्त छपराला भाजत असतो. युरोपातल्या घराच्या डिझाइनमध्ये दक्षिणेच्या खिडकीला जे महत्त्व, ते आपल्याकडे छपराला आहे. दक्षिणेच्या खिडकीवर हातभर सज्जा काढला की ती बाजू बरीचशी सांभाळली जाते, पश्चिमेला लिंबाचं झाड असेल तर तीही. छपरावर मात्र झाड लावता येत नाही.

आता त्या गल्लीतली तीन छपरं.

पत्रा सगळ्यात सरळ माणूस. जे वरून मिळेल ते लगेच खाली देतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी, त्यात उष्णता अडवायला आहे काय? दुपारी पत्रा साठ अंशांच्याही पुढे तापतो आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर अंगार धरल्यासारखा होतो. आपल्याला जाणवणारी उष्णता फक्त हवेची नसते. भोवतालच्या तापलेल्या पृष्ठभागांवरून जे किरण येतात, त्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून पत्र्याखाली पंखा फुल असला तरी टाळू तापते. पण पत्र्याचा एक गुण आहे : तो रात्री लवकर निवतो. दहा-अकराच्या सुमाराला पत्र्याच्या खोलीत बऱ्यापैकी झोपता येतं.

स्लॅब मनात ठेवणारा. चार-पाच इंच काँक्रीट, दिवसभर ऊन पितं आणि तीन-चार तास उशिराने ते आत सोडायला लागतं. दुपारी बारापर्यंत स्लॅबची खोली पत्र्यापेक्षा बरी वाटते, म्हणून माणूस फसतो. संध्याकाळी बाहेर वारा सुटलेला असतो, गल्लीत माणसं खाटा टाकून बसलेली असतात, आणि घरात मात्र भट्टी. रात्री दहाला स्लॅबला खालून हात लावून बघा. वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा प्रयोग करायची गरज नाही. संभाजीनगरात, पुण्यात अभ्यासाला गेलेल्या आपल्या मुलांना गच्चीखालची खोली थोडी स्वस्तात मिळते, त्यातलं 'स्वस्त' म्हणजे काय ते एप्रिलमध्ये कळतं.

माळवद म्हणजे तिसराच प्रकार. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या किंवा किलचा, त्यावर काटक्यांचा आणि लिंबाच्या पाल्याचा थर, म्हणजे वाळवी लागत नाही, आणि सगळ्यात वर पांढरी माती दाबून बसवलेली. आपल्याकडे गावाला 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतात ना? काळी शेताची, पांढरी वस्तीची. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, तिचं छप्पर होत नाही. पांढरीत चुनखडीचा अंश असतो; ती बसते, सांधते, पाणी सहजी आत सोडत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची, चोपायची, पन्हळी साफ करायच्या, हा घराघरातला नेम होता.

फूट-दीड फूट माती आणि दोन-अडीच फुटांच्या भिंती. यातून उष्णता आत यायला नऊ-दहा तास, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे दुपारी एकचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर त्याचा जोरही पुष्कळ उतरलेला असतो. खरी चलाखी इथेच आहे. आपला उन्हाळा कोरडा. दिवसा पारा बेचाळीसवर असला तरी पहाटे पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरतो. आकाश निरभ्र असल्यामुळे छप्पर रात्रभर आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत राहतं. मातीचं घर हा पहाटेचा गारवा भिंतींत साठवतं आणि दुपारी खर्च करतं. कोकणात हे जमलं नसतं. तिथे रात्रही दमट आणि दिवसापेक्षा फारशी थंड नसते, म्हणून तिथे उतरती कौलं आणि वारा खेळवणारी घरं. कोकणातलं घर मराठवाड्यात आणि मराठवाड्यातलं कोकणात नेलं तर दोन्ही हरतील.

पण साठवण आपोआप होत नाही. ती आजी करते. सकाळी आठ-साडेआठला तिची दारं बंद होतात, खिडक्या म्हणजे मुळात दोन झरोके, त्यांवर पोतं. माळवदाला एक साणं आहे, उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी ठेवलेलं भोक. तापलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. दिवे लागणीनंतर दारं उघडतात ती पहाटेपर्यंत. मित्राच्या घरी बरोबर उलट. दिवसभर 'हवा येऊ दे' म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि रात्री डास, मांजरं आणि चोर यांच्या भीतीने बंद. बेचाळीस अंशांची हवा आत घ्यायची आणि सव्वीसची बाहेर ठेवायची! मी आजीला विचारलं, दिवसा दार लावून कोंडल्यासारखं होत नाही का. ती म्हणाली, "कामून होईल? उन्हाला आत बोलवायचं आन् मग कूलर लावायचा, हे कुणी सांगितलंय?"

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, आता हा लेखक जुनं ते सोनं म्हणणार. नाही म्हणणार. त्याचं कारण तारखेसकट सांगता येतं : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, किल्लारी.

गणपती विसर्जन करून दमलेली माणसं घरात झोपली होती. भूकंप जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हता, सहाच्या थोडा वर. पण लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसारच जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यांतली फार मोठी संख्या भिंती आणि माळवदं अंगावर पडून. ५२ गावं नव्या जागी उभारावी लागली. दरवर्षी माती टाकायच्या त्या नेमाचा दुसरा अर्थ त्या पहाटे कळला : थरावर थर चढत काही घरांच्या डोक्यावर दोन-अडीच फूट माती झाली होती.

हिशेब करून बघा. दहा बाय बाराची खोली, वर एक फूट माती. साधारण पाच-साडेपाच टन. दोन फूट असेल तर दुप्पट. त्याच खोलीवर पत्रे टाकले तर पत्र्यांचं वजन पन्नास किलोच्या आसपास. शिवाय खाली आधार कसला? दगड-मातीच्या जाड भिंती, ज्यांचा बाहेरचा थर वेगळा आणि आतला वेगळा, दोघांना एकत्र धरणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की दोन्ही थर फाकतात आणि छप्पर खाली येतं. गारवा देणारी जाडी आणि जीव घेणारी जाडी एकच होती.

किल्लारीनंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपण्याची भीती बसली, आणि ती खोटी नाही. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडे भूकंपाचे धक्के बसले, परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. चारठाण्याहून हिंगोली काही लांब नाही. मित्राच्या वडिलांनी स्लॅब टाकला तो फक्त शेजाऱ्यांना दाखवायला नव्हे. आजीच्या घरात मी दुपारी झोपलो, पण झोप लागण्याआधी दोन वेळा वर बघितलं, हे कबूल करतो.

याशिवाय माळवदाची बाकीची गाऱ्हाणी आहेतच. विंचू, उंदीर, पावसाळ्यात कुठूनतरी ठिबकणारं पाणी, अंधार. सागवान परवडत नाही. पांढरी माती मिळवायची तर जुन्या गढ्या खणाव्या लागतात, आणि तशा कितीतरी गढ्या मराठवाड्यात खणून संपल्याही. माळवद चोपायला माणूस मिळत नाही. तेव्हा 'पुन्हा मातीची घरं बांधा' हा सल्ला शहरातल्या एसीत बसून द्यायला सोपा आहे. माळवद आणायची गरज नाही. त्याने जे काम केलं, ते पत्र्याकडून आणि स्लॅबकडून पाच टन वजन न चढवता कसं करून घ्यायचं, हा प्रश्न आहे.

आणि तो कुणासाठी, हेही बघायला हवं. त्या चार दिवसांत एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. दुपारी गल्लीतले पुरुष पारावर असतात. लिंबाखाली, पत्ते, गप्पा, मोबाइल. आम्ही दोघं आजीकडे. आणि मित्राच्या काकू? पत्र्याखाली, चुलीपुढे, भाकरी थापत. वर साठ अंशांचा पत्रा, समोर जाळ. भाकरी झाली की त्या तोंडावर पाणी मारून दाराच्या उंबऱ्यात येऊन बसायच्या, कारण आत बसवतच नाही. त्यांची मुलगी, बारावीची, नीट परीक्षेच्या आधीचा महिना त्याच खोलीत अभ्यास करत होती. ती पारावर जाऊन बसू शकत नाही. आपण 'मुलींचा निकाल यंदाही चांगला' असं दरवर्षी वाचतो. तो निकाल कुठल्या छपराखाली लागतो ते कुठे छापून येत नाही.

सरकारी नियम इथे पोचत नाहीत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. छपरातून उष्णता किती आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे, आणि उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट येते. पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. ग्रामीण आवास योजनेचं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार. त्यात भिंती उभ्या करून वर काहीतरी टाकेपर्यंत पैसे संपतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी शहराचा कृती आराखडा केला, तेलंगणने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं. आपल्या गल्लीत मात्र धोरण म्हणजे आजीचं पोतं.

मग करता काय येतं? सगळ्यात स्वस्त उपाय चुना. नुसता करडा स्लॅब पडणाऱ्या उन्हाचा जेमतेम तिसरा हिस्सा परतवतो, बाकीचं पितो. ताजा पांढरा चुना दोन तृतीयांशाहून जास्त परतवतो. भिजवलेला, गाळलेला चुना, त्यात चिकटायला थोडा फेविकॉल किंवा डिंक, गच्ची स्वच्छ झाडून-धुऊन दोन-तीन हात. मार्चच्या आसपास लावायचा, कारण पावसात तो धुऊन जातो आणि धुळीने मळतो. तयार पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो, पण महाग. एक सूचना गंभीरपणे : कळीचा चुना भिजवताना उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला, हातमोजे घाला. पत्र्यावर चढू नका. शिडीवरून, लांब दांड्याच्या ब्रशने लावा.

दुसरा उपाय, छपराला छप्पर. पत्र्याच्या फूटभर वर शेडनेट ताणली तर ऊन आधी तिच्यावर पडतं आणि मधून वारा खेळतो. मधली पोकळी महत्त्वाची. जाळी पत्र्यावर नुसती अंथरली तर उपयोग फार कमी. आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत केलं तर पत्र्याची किरणं थेट डोक्यावर येत नाहीत. तुराट्या आपल्याकडे फुकट असतात आणि लोक छपरावर टाकतातही, पण खाली चूल असेल तर मी टाकू नका असंच सांगेन. नवा स्लॅब टाकणार असाल तर काँक्रीटच्या खालच्या भागात मंगलोरी कौलं घालून स्लॅब हलका आणि थोडा थंड करता येतो. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुळवली. मात्र हे इंजिनिअरला विचारून. गवंड्याला 'यूट्यूबवर बघितलंय' म्हणून करायला लावू नका.

कूलरबद्दल एक वाक्य. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण त्याला पाणी लागतं, आणि ज्या महिन्यात कूलर लागतो त्याच महिन्यात गावात टँकर लागतो. संध्याकाळी स्लॅबवर बादल्या ओतणाऱ्यांनाही तेच.

आणि विश्वास ठेवू नका, मोजा. पदवीला पर्यावरणाचा प्रोजेक्ट सगळ्यांना असतो, आणि तो कसा होतो हे मी सांगायला नको. एक साधा थर्मामीटर घ्या. पत्रा, स्लॅब, माळवद (मिळालं तर), तिन्ही खोल्यांत छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर टांगा. सकाळी सात, दुपारी अडीच, रात्री नऊ. सात दिवस. मग एका छपराला चुना लावा आणि पुढचे सात दिवस पुन्हा मोजा. आपल्या गावाच्या नऊ वाजताच्या आकड्याइतकी चांगली माहिती तुम्हाला नेटवर कुठेही मिळणार नाही.

आम्ही मोजलं नाही, वेळच नव्हता. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, एका पेपरची तयारी अर्धवट टाकून, काकूंच्या पत्र्याला चुना लावला. मित्राने शिडी धरली, मी ब्रश, आणि ती बारावीची मुलगी खालून 'तिथं राहिलं, तिथं राहिलं' करत होती. काका पारावरून येऊन बघून गेले. म्हणाले, घर आहे का मजार.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू काहीच बोलल्या नाहीत. भाकरी झाली, त्यांनी काटवट धुऊन ठेवली आणि उंबऱ्यात न येता आतच भिंतीला टेकून बसल्या. तेवढ्यात आजी पोतं बाजूला सारून बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून पत्र्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "पावसाळ्यात धुऊन जाईल न्हवं हे?"

"जाईल. पुढच्या वर्षी परत लावायचा."

"मग ठीक हाय. चुना उरलाय का? उरला असंल तर माझ्या कांद्याच्या खोलीवर बी मारा, तिथला पत्रा लई तापतोय."